विश्लेषण : लाखमोलाच्या कार्ट्रिजची पिन झिजली, नवे घ्यायचे की दुरुस्त करायचे?

रेकॉर्ड प्लेअरचे दिवस परतले आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपींची विक्री नगांच्या हिशेबात सीडींच्या पुढे गेली. १९८७ नंतर पहिल्यांदाच असे घडले. आपल्याकडेही माळ्यावरचे जुने प्लेअर खाली उतरू लागले आहेत आणि हौशी मंडळी लाखांत किंमत असलेली टर्नटेबल घेत आहेत. चर्चा होते ती अॅम्प्लिफायरची, स्पीकरची, केबलची. रेकॉर्डला प्रत्यक्ष स्पर्श करणारा भाग मात्र एकच असतो, तो म्हणजे कार्ट्रिजच्या टोकाचा कणभर हिरा. तो झिजतो. आणि झिजलेल्या हिऱ्याने वाजवलेली रेकॉर्ड कायमची खराब होते. त्यामुळे ‘नवे घ्यायचे की दुरुस्त करायचे’ हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, तो कपाटातल्या संग्रहाचाही आहे.

कार्ट्रिज नेमके काय करते?

एलपीच्या खाचेच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो. हिऱ्याचे टोक त्या खाचेतून जाताना थरथरते. ते ज्या बारीक दांडीच्या टोकाला बसवलेले असते तिला कँटिलिव्हर म्हणतात. ही दांडी अॅल्युमिनियमची, महागड्या कार्ट्रिजमध्ये बोरॉनची, तर काहींत माणिक किंवा नीलमाची असते. दांडीच्या मुळाशी रबराचे छोटे कडे असते; तेच तिला सावरते आणि अनावश्यक थरथर शोषून घेते. त्याला डँपर म्हणतात.

पुढे दोन प्रकार होतात. दांडीच्या मुळाशी चुंबक असेल आणि वेटोळी स्थिर असतील, तर ते ‘मूव्हिंग मॅग्नेट’ म्हणजे एमएम. चुंबक स्थिर आणि दांडीवर तारेची वेटोळी असतील, तर ते ‘मूव्हिंग कॉइल’ म्हणजे एमसी. एमएममधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. एमसीच्या बहुतेक नमुन्यांत जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. तरीही हलणारा भाग हलका असल्याने एमसी अधिक बारकावे टिपते, असा तिच्या चाहत्यांचा अनुभव आहे. उच्च श्रेणीतली बहुतांश कार्ट्रिज एमसीच असतात आणि दुरुस्तीचा खरा पेच तिथेच आहे.

हिरा झिजतोच कसा?

हिरा सर्वांत कठीण आणि व्हिनाइल मऊ, मग झीज कसली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर साध्या गणितात आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. खाचेची त्रिज्या बाहेरच्या कडेला सुमारे १४६ मिलिमीटर आणि आत लेबलजवळ सुमारे ६० मिलिमीटर. म्हणजे हिऱ्याखालून खाच सेकंदाला सरासरी ३६ सेंटिमीटर सरकते. २२ मिनिटांच्या एका बाजूत जवळपास अर्धा किलोमीटर आणि हजार तासांत सुमारे १,३०० किलोमीटर. मुंबई ते दिल्ली रेल्वेमार्ग याहून थोडाच मोठा आहे. दीड-दोन ग्रॅमचा भार काही मायक्रॉनच्या जागेवर पेलत, वाटेतली धूळ दळत हा प्रवास होतो. त्यात हिराही घासला जातो.

घासल्यावर टोकाच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टे पडतात. हे पट्टे घातक का, ते खाचेच्या आकारावरून कळते. १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर बाहेरच्या कडेला सुमारे ५० मायक्रॉन लांब असते, तर लेबलजवळ जेमतेम २१ मायक्रॉन. सपाट पट्टा एवढ्या लहान वळणात मावेनासा झाला की हिरा वळणाच्या मागे जाण्याऐवजी वळण तासत पुढे जातो. पट्ट्याच्या धारदार कडा पटाशीसारखे काम करतात. म्हणूनच झीज आधी ऐकू येते ती रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात.

जुन्या पिढीला हे नवे नाही. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या वाजवताना पोलादी पिन दर बाजूनंतर बदलायची असते, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. ग्रामोफोनशेजारी पिनांची पत्र्याची डबी असायची ती त्यासाठीच. हिऱ्याने हा त्रास संपवला. पण त्याबरोबर पिन बदलायची असते ही आठवणही पुसून टाकली.

आयुष्य किती तासांचे?

ते टोकाच्या आकारावर ठरते. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे मार्गदर्शन असे : गोल टोक सुमारे ५०० तास, लंबगोल सुमारे ३००, शिबाटा सुमारे ८०० आणि मायक्रोलाइन सुमारे १,००० तास. यातला शिबाटा हा आकार १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या जेव्हीसीमध्ये चार वाहिन्यांच्या रेकॉर्डसाठी तयार झाला. त्या रेकॉर्डमध्ये माणसाला ऐकू न येणारी उच्च कंप्रताही वाचावी लागे. खाचेच्या भिंतीला उंच, अरुंद रेषेत टेकणारा हिरा भार वाटून घेतो आणि तुलनेने जास्त टिकतो. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे दिसतात, कारण ‘झिजला’ कधी म्हणायचे याचे मोजमाप प्रत्येकाचे वेगळे आहे.

रोज ४५ मिनिटांची एक एलपी ऐकणाऱ्याचे हजार तास साधारण साडेतीन वर्षांत पूर्ण होतात. लंबगोल टोकाचे ३०० तास तेरा-चौदा महिन्यांतच संपतात. ‘दहा वर्षे झाली, अजून छान वाजतंय’ असे सांगणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

झीज ओळखायची कशी?

कानावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. झीज हळूहळू होते आणि कान तिला सरावतात. तरी काही खुणा आहेत. गाण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ फुत्कारल्यासारखे येतात. तार सप्तकातला स्वर किंवा सनईचा टिपेचा सूर फाटतो. आतल्या खाचांत हे अधिक जाणवते. कधी एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये आधी जाणवते. हीच लक्षणे कार्ट्रिज वाकडे बसवल्याने, भार कमी ठेवल्याने किंवा रेकॉर्डच खराब असल्यानेही दिसतात. म्हणून आधी मांडणी तपासावी, नंतर एखादी चांगल्या स्थितीतली रेकॉर्ड लावून पाहावी.

खात्रीचा उपाय सूक्ष्मदर्शक. दोनशेपटीच्या आसपास मोठे दिसेल अशा उपकरणाखाली, प्रकाश बाजूने टाकून पाहिल्यास झिजलेल्या टोकावर दोन चकचकीत ठिपके दिसतात. स्वस्तातल्या यूएसबी सूक्ष्मदर्शकाने अंदाज येतो, पण निकाल देण्यासाठी सराव लागतो. सर्वांत सोपा उपाय वहीचा : कोणत्या दिवशी किती बाजू वाजवल्या, एवढी नोंद. मोटारीचे तेल किलोमीटर पाहून बदलणारा माणूस लाखाच्या कार्ट्रिजचे तास मोजत नाही, हे खरे तर नवल आहे.

एमएम असेल तर उत्तर सोपे

एमएममध्ये दांडी, हिरा, चुंबक आणि डँपर हे सगळे एकाच सुट्या भागात असते. तो ओढून काढायचा, नवा बसवायचा. वेटोळी मूळ खोक्यात राहतात आणि ती सहसा बिघडत नाहीत. एवढेच नव्हे, अनेकदा त्याच खोक्यावर वरच्या दर्जाची पिन बसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच खोक्यावर गोल टोकापासून शिबाटापर्यंतच्या पिना चालतात. ऑर्टोफोनच्या २एम मालिकेत रेडच्या जागी ब्लूची आणि ब्राँझच्या जागी ब्लॅकची पिन बसते.

कंपनीने गाशा गुंडाळला तरी वाट बंद होत नाही. शुअर या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा व्यवसाय थांबवला. जगभर तिची लाखो कार्ट्रिज वापरात होती. त्यांना आधार मिळाला तो जपानच्या जिकोसारख्या पिना बनवणाऱ्यांचा. कधी काळी शिवणाच्या सुया करणारी ही कंपनी आज बंद पडलेल्या कित्येक नमुन्यांच्या पिना पुरवते. धोका एकच : हुबेहूब दिसणाऱ्या, नाव नसलेल्या स्वस्त पिना. त्यांतला हिरा नीट पॉलिश केलेला नसेल, तर नवी पिनही जुनीसारखीच खाच तासते.

एमसीचा पेच कुठे आहे?

एमसीमध्ये केसापेक्षा बारीक तारेची वेटोळी दांडीलाच जोडलेली असतात. दांडी ओढून काढली तर तारा तुटतात. म्हणून पिन बदलण्याची सोय नाही. कणभर हिरा झिजला की चुंबक, वेटोळी, खोके सगळे शाबूत असूनही पूर्ण वस्तू निकामी ठरते. आणि किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत.

अशा वेळी तीन वाटा उरतात. पहिली, सरळ नवे घेणे. दुसरी, कंपनीची अदलाबदल योजना : जुने द्यायचे आणि सवलतीत नवे किंवा कारखान्यात पुन्हा बांधलेले घ्यायचे. तिसरी, स्वतंत्र कारागिराकडून दुरुस्ती, म्हणजेच री-टिप.

री-टिप हा शब्दही फसवा आहे, कारण त्यात तीन वेगवेगळी कामे येतात. एक, जुन्या दांडीवर फक्त नवा हिरा. आवाज मूळच्या सर्वांत जवळ राहतो तो इथेच, पण काम सर्वांत नाजूक. दोन, दांडी मुळाजवळ कापून नवी हिऱ्यासकट जोडणे. काम तुलनेने सोपे. मात्र जोडाचे वजन वाढते आणि अॅल्युमिनियमच्या जागी बोरॉन आले तर आवाजाचा पोतच बदलतो. तीन, कार्ट्रिज उघडून डँपर, दांडी आणि गरज पडल्यास वेटोळीही नवी करणे. ही खरी पुनर्बांधणी. ‘री-टिप करून देतो’ म्हणणारा यातले काय करणार आहे, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरे वय कोणाचे : हिऱ्याचे की रबराचे?

निर्णयाची किल्ली इथे आहे. हिरा तासांनी झिजतो, रबर वर्षांनी. कपाटात न वाजवता पडलेल्या कार्ट्रिजचा डँपरही काळानुसार कडक होतो किंवा ढिला पडतो. ढिला पडला की कार्ट्रिजचे पोट रेकॉर्डला टेकू लागते. कडक झाला की हिरा खाचेची वळणे सहजी घेत नाही.

म्हणून दोन उदाहरणे वेगळी पाहावीत. दोन वर्षांपूर्वी घेतलेले कार्ट्रिज, वाजलेले दोनशे तास, आणि धूळ पुसताना फडक्यात अडकून दांडी तुटली. घराघरांत कार्ट्रिजचा अंत असा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. इथे डँपर आणि वेटोळी दोन्ही ताजी आहेत, दुरुस्ती शहाणपणाची. दुसरे, वीस वर्षांपूर्वीचे कार्ट्रिज, हिरा झिजलेला आणि रबर म्हातारे. त्यावर फक्त नवा हिरा बसवणे म्हणजे गळक्या घराला नुसता रंग देणे. इथे पूर्ण पुनर्बांधणी तरी करावी, नाहीतर नवे घ्यावे.

स्वस्त आणि मजबूत कार्ट्रिजच्या बाबतीत आणखी एक मोह असतो. डेनॉनचे डीएल-१०३ हे १९६०च्या दशकात जपानच्या प्रसारण संस्थेसाठी, म्हणजे एनएचकेसाठी घडवलेले, गोल टोकाचे एमसी अजूनही मिळते. त्यावर महागडी दांडी आणि हिरा बसवून घेण्याची टूम जगभर आहे. परिणाम चांगला असू शकतो, पण अनेकदा ते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरते. मूळच्या आवाजासाठी ते घेतले असेल, तर झिजल्यावर नवे डीएल-१०३ घेणेच सरळ.

हिशेब तासाचा मांडावा

एकूण किंमत पाहून निर्णय घेतला की चूक होते. तासाचा दर काढावा. समजा, नवे कार्ट्रिज १ लाख २० हजारांचे आणि आयुष्य हजार तासांचे, तर दर तासाला १२० रुपये. अदलाबदलीत तेच ८० हजारांना आणि वॉरंटीसह मिळाले, तर दर ८० रुपये. दुरुस्तीचा खर्च येण्याजाण्यासह ४५ हजार आणि मिळाले हजार तास, तर दर ४५ रुपये, उत्तम सौदा. पण म्हाताऱ्या रबरामुळे दुरुस्त कार्ट्रिज पाचशे तासांतच बसले, तर दर ९० रुपये होतो आणि अदलाबदल स्वस्त ठरते. या उदाहरणात उंबरठा साधारण ५६० तासांचा. आपले कार्ट्रिज त्यापुढे टिकेल असा विश्वास कारागीर देतो का, एवढाच प्रश्न उरतो.

त्याबरोबर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाहेरच्या कारागिराचा हात लागलेले कार्ट्रिज अनेक कंपन्या अदलाबदलीत स्वीकारत नाहीत. म्हणजे री-टिप हा पहिला पर्याय निवडला, तर दुसरा बहुधा कायमचा बंद होतो. क्रम उलटा ठेवावा : आधी कंपनीकडे विचारणा, मग कारागीर.

परदेशी पाठवायचे तर?

असे काम करणारे नावाजलेले कारागीर प्रामुख्याने युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये आहेत. आपल्याकडून वस्तू बाहेर पाठवताना कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाले की परतीच्या वेळी ती नवी आयात समजून पूर्ण किमतीवर शुल्क लागण्याची भीती असते. सीमाशुल्काच्या नियमांत दुरुस्तीसाठी बाहेर गेलेल्या वस्तूंना सवलत आहे. वस्तू तीच असावी, मालकी बदललेली नसावी आणि ती ठरलेल्या मुदतीत परतावी. मग शुल्क दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंचा वाहतूक-विमा खर्च यांवरच मोजले जाते. त्यासाठी पाठवतानाच ‘दुरुस्तीसाठी निर्यात’ अशी नोंद, अनुक्रमांक, छायाचित्रे आणि मूळ खरेदीची पावती हवी. पार्सल सोपवण्याआधी कुरिअरच्या सीमाशुल्क विभागाकडून चालू नियमांची खातरजमा करावी. वर ज्या खर्चाचा हिशेब मांडला, त्यात हे सगळे धरावे.

बदलताना काय पाहावे?

नवे कार्ट्रिज वेगळ्या जातीचे घ्यायचे असेल, तर ते टोनआर्मशी जुळते का ते पाहावे. आर्मचे परिणामी वस्तुमान अधिक कार्ट्रिज आणि स्क्रूंचे वजन, या बेरजेला कार्ट्रिजच्या लवचिकतेच्या आकड्याने गुणावे. गुणाकाराचे वर्गमूळ काढून १५९ ला त्याने भागावे. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये आले पाहिजे. १२ ग्रॅमचा आर्म, ८ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि लवचिकता १५, तर उत्तर ९.२, जोडी जमली. त्याहून फार खाली गेल्यास वाकड्या रेकॉर्डवर आर्म डुचमळतो, वर गेल्यास खर्जात गडबड होते.

तारांचे रंग ठरलेले आहेत : लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण, पांढरी डावी धन, निळी डावी ऋण. भार वजनकाट्यावर मोजावा आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा. ‘रेकॉर्डला जपायचे’ म्हणून भार कमी ठेवणे हा गैरसमज आहे. हलके टोक खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच कितीतरी रुंद असते. त्यांना एलपीची पिन लावू नये.

दुरुस्तीचा हक्क इथे का थांबतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली मुख्य क्षेत्रे. कार्ट्रिजसारखी मूठभरांची वस्तू त्यात अग्रक्रमाने येणार नाही आणि यावी असा हट्टही नको. पण त्यामागचे तत्त्व इथेही लागू होते. हजार तासांनी झिजणार हे ज्या वस्तूच्या बाबतीत कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तिच्या खोक्यावर तासांचे आयुष्य, पुनर्बांधणीची सोय आणि तिचा अंदाजे खर्च छापलेला असायलाच हवा. लाख रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने खरेदीच्या वेळी हे सांगणे हा उपकार नाही, कर्तव्य आहे. ग्राहकानेही ‘आवाज कसा आहे’ याबरोबर ‘झिजल्यावर काय’ हा प्रश्न विचारायला हवा.

मग करायचे काय?

एमएम असेल तर विचार करत बसू नये. ठरलेले तास भरले की मूळ किंवा खात्रीच्या कंपनीची पिन बदलावी. एमसी तरुण असून अपघातात मोडले असेल, तर दुरुस्ती. एमसी तास भरून झिजले असेल आणि कंपनीची अदलाबदल मिळत असेल, तर ती. कंपनीच उरली नसेल आणि कार्ट्रिज खरेच मोलाचे असेल, तर पूर्ण पुनर्बांधणी. जे घर महिन्याला चार-पाच एलपी ऐकते, तिथे तर लाखाच्या एमसीपेक्षा बदलत्या पिनेचे चांगले एमएम अधिक शहाणपणाचे. त्यात वाचलेल्या पैशांत बऱ्याच रेकॉर्ड येतील.

एक पर्याय मात्र यादीत नाही : ‘चाललंय तोवर चालू दे’. कार्ट्रिज उद्याही विकत मिळेल. नाट्यसंगीताच्या, मैफलींच्या, बंद पडलेल्या कंपन्यांच्या कितीतरी एलपी पुन्हा निघालेल्या नाहीत. त्यांतल्या काहींची दुसरी प्रत शोधूनही सापडत नाही. त्यांच्या खाचेत कोरलेला आवाज झिजलेल्या हिऱ्याने एकदा तासला की जगातला कोणताही कारागीर तो परत बसवून देऊ शकत नाही.